११ महिन्यांचा करार केला की घर सुरक्षित राहतं का? फ्लॅट भाड्यानं देण्यापूर्वी मालकाला माहीत हव्यात अशा गोष्टी

निवृत्तीच्या पैशातून पुण्याजवळ दुसरा फ्लॅट घेतला, पण तो भाड्यानं दिलाच नाही, असं एखादं तरी घर प्रत्येकाच्या ओळखीत असतं. फ्लॅटला कुलूप असतं, सोसायटीचा मेंटेनन्स दर महिन्याला भरला जातो, महापालिकेचा कर भरला जातो आणि भाडं मात्र शून्य. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, 'एकदा भाडेकरू बसला की उठत नाही.'

ही भीती किती मोठी आहे ते आकड्यांतही दिसतं. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली होती. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार त्यातली सुमारे ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत होती. ही सगळीच घरं भीतीपोटी बंद नव्हती, पण घर गमावण्याची धास्ती हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

दुसऱ्या टोकाला असे मालक आहेत, ज्यांनी ओळखीतल्या माणसाला तोंडी बोलण्यावर घर दिलं किंवा स्टॅम्प पेपरवर नोटरी करून 'करार' उरकला. वाद झाला तेव्हा त्यांना कळलं की हातातल्या कागदाला फारसा अर्थ नाही.

मग कायदा खरंच मालकाच्या विरोधात आहे का? ११ महिन्यांच्या कराराचं रहस्य काय? आणि मुळात भाड्यासाठी फ्लॅट घेणं परवडतं का?

ही भीती आली कुठून?

भीती अगदीच निराधार नव्हती. तिचा इतिहास मुंबईच्या चाळींमध्ये आहे.

मुंबई प्रांतात १९४७ साली भाडे नियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात घरांची टंचाई झाली होती, भाडी भडकली होती. भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठी बहुतांश घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवण्यात आली. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळत पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला. दक्षिण मुंबईत मोक्याच्या जागी शे-दोनशे रुपये भाडं, पागडीचे व्यवहार आणि डागडुजीअभावी मोडकळीला आलेल्या इमारती हे सगळं त्याच काळाचं देणं.

या कायद्यातून वाट काढण्यासाठी मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवाना तत्त्वावर घर द्यायला सुरुवात केली. समोरचा माणूस भाडेकरू नाही, त्याला फक्त राहण्याची परवानगी दिली आहे, असा त्यामागचा विचार. पण १९७३ मध्ये कायद्यात बदल झाला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता आणि जे त्या जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. काल परवान्यावर आलेला माणूस एका दुरुस्तीनं कायमचा भाडेकरू झाला. मालकांच्या मनात बसलेली धास्ती तिथली आहे.

१९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, भाडं अशा प्रकारे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर राज्यानं नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ केला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या मालकाचा संबंध येतो तो या कायद्याशी. पण बोलण्यातली भीती अजून जुन्याच कायद्याची आहे.

'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे नेमकं काय?

भाडेपट्टा आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेपट्ट्यात राहणाऱ्याला त्या जागेत ठराविक काळासाठी हक्क मिळतो. परवान्यात असा हक्क मिळत नाही, फक्त जागा वापरण्याची परवानगी मिळते. पहिली संकल्पना मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली आहे, दुसरी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली.

वाद कोर्टात गेला की एरवी कागदाच्या मथळ्यावर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार कसा होता, हे पाहिलं जातं. पण राहण्यासाठी दिलेल्या घरांच्या बाबतीत महाराष्ट्राच्या कायद्यानं मालकाला एक भक्कम आधार दिला आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार परवान्याचा लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. करारात 'परवाना' असेल आणि मुदत लिहिलेली असेल, तर 'मी परवानाधारक नव्हे, भाडेकरू होतो' हा दावा टिकणं अवघड होतं.

याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. मुदत संपल्यावर परवानाधारकानं घर रिकामं केलं नाही, तर मालक 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे अर्ज करू शकतो. नेहमीच्या दिवाणी दाव्याची वाट धरावी लागत नाही. आणि मुदत संपल्यापासून घर सोडेपर्यंतच्या काळासाठी राहणाऱ्याला करारातल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते.

सक्षम प्राधिकाऱ्याकडची प्रक्रिया मुद्दाम छोटी ठेवली आहे. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत परवानाधारकानं शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर मालकाच्या बाजूनं ताब्याचा आदेश होऊ शकतो. या आदेशाविरुद्ध अपील नाही, फक्त पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो.

एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. ही सोय राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरती आहे. दुकानाचा गाळा किंवा ऑफिस दिलं असेल, तर मालकाला नेहमीच्या न्यायालयातच जावं लागतं.

११ महिनेच का?

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. मुदत वर्षाच्या आत ठेवली की नोंदणी टळते, खर्च वाचतो. म्हणून देशभर ११ महिन्यांची पद्धत पडली.

पण महाराष्ट्रात हा हिशोब लागू होत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा परवान्याचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. मुदत ११ महिने असो, ६ महिने असो की ३६ महिने. नोंदणीची जबाबदारी घर घेणाऱ्यावर नाही, मालकावर आहे.

नोंदणी केली नाही तर काय होतं? कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण खरा फटका वेगळा आहे. लेखी आणि नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर येतं. भाडं १८ हजार ठरलं होतं आणि समोरचा ८ हजार म्हणाला, तर आधी त्याचंच खरं.

म्हणजे हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी जो मालक नोटरीवर भागवतो, तो आपल्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार स्वतःच टाकून देतो.

नोंदणीला किती खर्च येतो?

महाराष्ट्रात ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. ते पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर मोजतात. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे.

समजा, भाडं २० हजार, डिपॉझिट १ लाख आणि मुदत ११ महिने आहे. भाड्याची बेरीज २ लाख २० हजार होते. डिपॉझिटवरचं ११ महिन्यांचं व्याज सुमारे ९,१६७ रुपये. एकूण २ लाख २९ हजार १६७ रुपयांवर ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५७३ रुपये. त्यात नोंदणीचे १,००० मिळवले की सरकारी खर्च १,६०० रुपयांच्या आसपास जातो. कागदपत्र हाताळणीचं शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी वेगळी. हा खर्च कोणी करायचा ते दोघांनी ठरवायचं. बऱ्याच ठिकाणी तो निम्मा-निम्मा वाटून घेतला जातो.

दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावण्याचीही गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणीची सोय आहे. आधारवर आधारित अंगठा आणि फोटो घेऊन करार ऑनलाइन नोंदवता येतो. नोंदणी झाल्यावर कराराची प्रत आणि इंडेक्स टू मिळतो. नोंदणी खरंच झाली की फक्त कागद छापला, हे त्यावरून कळतं. म्हणून एजंटकडून या दोन्ही प्रती मागून घ्यायला हव्यात.

करारात काय लिहायचं?

छापील नमुन्यात नाव आणि रक्कम भरून सही करण्याची घाई पुढे महागात पडते. वाद सहसा घराच्या ताब्यावरून सुरू होत नाहीत. ते लहान गोष्टींवरून सुरू होतात. म्हणून या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या बऱ्या:

• मुदत कधी सुरू होते, कधी संपते आणि मधेच घर सोडायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं.

• लॉक-इन काळ असेल तर तो दोघांना लागू आहे की एकालाच.

• सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेट यांपैकी काय कोणी भरायचं.

• भाडं कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात यायचं. रोख घेतलं तर पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

• डिपॉझिट घर रिकामं केल्याच्या दिवशी परत मिळणार की काही दिवसांनी आणि त्यातून काय वजा होऊ शकतं.

• घरातल्या वस्तूंची यादी. पंखे किती, गिझर आहे का, किचन ट्रॉलीची अवस्था काय. किल्ल्या देण्याच्या दिवशी दोघांच्या समोर व्हिडिओ काढून एकमेकांना पाठवला, तर निम्मे वाद तिथेच संपतात.

• घरात कोण-कोण राहणार आणि घर पुढे दुसऱ्याला देता येणार नाही, ही अट.

डिपॉझिट किती घ्यायचं याला महाराष्ट्रात कायद्यानं कमाल मर्यादा घातलेली नाही. सोशल मीडियावर 'आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही' अशा पोस्ट फिरत असतात. त्यांचं मूळ केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला आणि त्यात घरांसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा सुचवली आहे. पण तो नमुना आहे. राज्यानं तसा कायदा केल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की पाळावी लागते. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं डिपॉझिट रोखीनं घेण्यावर आणि परत करण्यावर प्राप्तिकर कायद्यात बंधन आहे. डिपॉझिट बँकेतूनच घ्यावं आणि बँकेतूनच परत करावं. आणि ते खर्च करू नये. तो पैसा मालकाचा नसतो. घर रिकामं होण्याच्या दिवशी डिपॉझिट परत करता आलं नाही, तर भाडेकरू किल्ली देत नाही आणि वाद उगाच ओढवून घेतला जातो.

पोलिस आणि सोसायटी: कोणाला काय कळवायचं?

मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत पोलिस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक करतात. आदेश मोडला तर मालकावर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ही माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि ओळखीच्या व्यक्तींची नावं एवढं लागतं. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, तर तो आल्यापासून २४ तासांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं.

सोसायटीच्या बाबतीत मालकांची सर्वाधिक कुचंबणा होते ती 'एनओसी'वरून. आदर्श उपविधींनुसार घर भाड्यानं देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. मालकानं सोसायटीला कळवायचं, कराराची आणि पोलिस नोंदीची प्रत द्यायची.

सोसायटी 'बिनभोगवटा शुल्क' घेऊ शकते. पण किती? राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवाशुल्क २,००० रुपये असेल, तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त २०० रुपये. आईवडील, मुलं, भावंडं असे जवळचे कुटुंबीय घरात राहत असतील, तर हे शुल्क लागत नाही.

पुण्यातल्या मालकांनी आणखी एक हिशोब धरायला हवा. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मालमत्ता कराच्या आकारणीत ४० टक्के सवलत देते. घर भाड्यानं दिलं की या सवलतीचा हक्क राहत नाही.

भाड्यातून हप्ता निघतो का?

फ्लॅट विकताना हमखास ऐकवलं जाणारं वाक्य म्हणजे, 'भाड्यातून हप्ता निघून जाईल.' हे वाक्य कागदावर तपासून पाहण्यासारखं आहे.

समजा, पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घेतला. पुरुष खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार लागतात. एकूण गुंतवणूक ६४ लाख ५० हजार. ४५ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३९ हजार होतो.

आता भाडं १६ हजार धरू. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं, तर हातात १ लाख ७६ हजार येतात. त्यातून मेंटेनन्सचे ३० हजार, मालमत्ता कराचे ९ हजार, रंगरंगोटी-दुरुस्तीचे १२ हजार आणि दलालीचे ८ हजार गेले, तर उरतात १ लाख १७ हजार. एकूण गुंतवणुकीवर हा परतावा १.८ टक्के होतो. वर्षाचे हप्ते मात्र ४ लाख ६८ हजारांच्या पुढे.

आकडे प्रत्येक भागात बदलतील, पण हिशोबाची पद्धत हीच राहील. भाड्याच्या जाहिरातीतला आकडा आणि मालकाच्या हातात उरणारा आकडा यांत मोठं अंतर असतं. किंमत वाढेल ही आशा वेगळी ठेवून निव्वळ भाड्यावर हप्ता भागणार असेल, तर कर्ज किंमतीच्या तुलनेत खूपच कमी असावं लागतं. दोन-तीन महिने घर रिकामं राहिलं तरी हप्ता भरता येईल एवढी रक्कम बाजूला नसेल, तर दुसरा फ्लॅट हा आधार न राहता ओझं होतो.

भाड्यावर कर किती लागतो?

घरभाडं 'घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न' म्हणून दाखवावं लागतं. मिळालेल्या भाड्यातून आधी महापालिकेला प्रत्यक्ष भरलेला कर वजा होतो. उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. तिच्यासाठी बिलं दाखवावी लागत नाहीत, पण दुरुस्ती आणि रंगकामाचा खर्च पुन्हा वेगळा वजाही करता येत नाही. त्यानंतर गृहकर्जाचं व्याज वजा होतं.

वरच्या उदाहरणात १ लाख ७६ हजारांतून ९ हजार गेले, १ लाख ६७ हजार उरले. त्याचे ३० टक्के म्हणजे ५०,१०० वजा केले की १ लाख १६ हजार ९०० राहतात. पहिल्या वर्षाचं व्याजच सुमारे ३ लाख ७९ हजार असतं, म्हणजे कागदावर तोटा होतो. जुन्या करप्रणालीत या तोट्यापैकी २ लाखांपर्यंतची रक्कम पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा करता येते. नव्या करप्रणालीत ती करता येत नाही. 'करबचतीसाठी दुसरं घर' हा सल्ला ऐकताना आपण कोणत्या प्रणालीत आहोत, हे आधी पाहिलेलं बरं.

महिन्याचं भाडं ५० हजारांपेक्षा जास्त असेल, तर भाडेकरूला त्यातून टीडीएस कापावा लागतो. व्यक्तिगत भाडेकरूसाठी हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला.

मालक परदेशात राहत असेल, तर चित्र बदलतं. दुबईत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांची घरं पुण्या-ठाण्यात भाड्यानं दिलेली असतात. करासाठी मालक अनिवासी असेल, तर भाडेकरूनं ३० टक्के आणि त्यावर अधिभार-उपकर असा टीडीएस कापायचा असतो. इथं ५० हजारांची मर्यादा लागू नाही, भाडं १५ हजार असलं तरी नियम तोच. जास्त कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो. भाडं अनिवासी मालकाच्या एनआरओ खात्यात जमा व्हायला हवं.

या दोन फसवणुकींपासून सावध

घराची जाहिरात ऑनलाइन टाकली की काही तासांत फोन येतो. समोरचा आपण सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. घर न बघताच पसंत करतो आणि डिपॉझिट पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. पिन टाकताच मालकाच्या खात्यातून पैसे जातात. नियम एकच आहे, पैसे घेण्यासाठी कधीच पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

दुसरी फसवणूक 'हेवी डिपॉझिट'ची. मधला माणूस मालकाकडून दरमहा भाड्यानं घर घेतो आणि तेच घर तिसऱ्या कुटुंबाला भाडं न घेता पाच-सात लाखांच्या डिपॉझिटवर देतो. सुरुवातीचे काही महिने मालकाला भाडं येत राहतं. मग मधला माणूस पैसे घेऊन गायब होतो. घरात राहणारं कुटुंब म्हणतं, आमचे सात लाख द्या. मालक म्हणतो, मी तुम्हाला ओळखतही नाही. दोघंही फसलेले असतात. घरात जो राहणार आहे त्यालाच भेटायचं आणि करार त्याच्याच नावानं करायचा, हा यावरचा सोपा उपाय.

भाडेकरू घर सोडत नसेल तर?

पहिली चूक रागाच्या भरात होते. वीज तोडणं, पाणी बंद करणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडण्याविरुद्ध भाडे नियंत्रण कायद्यातच शिक्षेची तरतूद आहे. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला, तर राहणारा माणूस सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. ज्या मालकाची बाजू भक्कम होती, तोच आरोपी होऊन बसतो.

योग्य क्रम असा आहे. मुदत संपण्याच्या महिना-दोन महिने आधी लेखी कळवायचं. घर पुन्हा त्यालाच द्यायचं असेल, तर मुदत संपण्याआधी नवा करार नोंदवायचा. करार संपल्यावर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत भाडं घेत राहणं टाळायचं. घर सोडलं नाही, तर वकिलामार्फत नोटीस आणि नंतर नोंदवलेल्या करारासह सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज.

'१२ वर्षं राहिला की घर त्याचं' हे खरं आहे का?

नाही. १२ वर्षांचा नियम प्रतिकूल ताब्याचा आहे. म्हणजे मालकाच्या हक्काला झुगारून, उघडपणे आणि सलग ठेवलेला ताबा. भाडेकरू किंवा परवानाधारक मालकाच्या परवानगीनं राहत असतो. परवानगीचा ताबा कितीही वर्षं चालला तरी केवळ तेवढ्यानं तो प्रतिकूल होत नाही. शिवाय ज्याच्याकडून घर घेतलं त्याची मालकीच राहणाऱ्यानं नाकारायची, याला पुरावा कायद्यात मनाई आहे.

त्याचप्रमाणे 'दर ११ महिन्यांनी एक दिवस घर रिकामं करून घ्यावं लागतं' हाही समजच आहे. कायद्यात तशी अट नाही. ३६ महिन्यांचा करारही परवान्याचाच राहतो. त्यात दरवर्षी भाडं किती वाढणार हे आधीच लिहिता येतं आणि नोंदणीची धावपळ तीन वर्षांतून एकदाच होते.

घर हातचं जाईल या भीतीनं त्याला वर्षानुवर्षं कुलूप लावणारा मालक आणि विश्वासावर किल्ली देऊन मोकळा होणारा मालक, दोघंही एकाच गोष्टीला मुकतात. ती म्हणजे दीड-दोन हजारांत नोंदवलेला एक करार. तो भाडेकरूलाही तितकाच उपयोगी आहे. डिपॉझिट किती दिलं, कधी परत मिळायचं आणि मुदत संपेपर्यंत कोणी उठवणार नाही, याचा त्याच्याकडेही तोच पुरावा असतो. मालकाचं घर आणि भाडेकरूचं डिपॉझिट, दोन्ही त्या एकाच कागदावर सुरक्षित असतात.